ऑस्ट्रेलियाची ‘ग्रेंज’ : जिभेचा कौल वेगळा, लिलावाचा वेगळा

नवी दिल्ली : ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये झालेल्या एका लिलावात वाईनच्या एका बाटलीसाठी दीड लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर मोजले गेले. वाईन होती ‘पेनफोल्ड्स ग्रेंज’ आणि बाटलीवरचे वर्ष १९५१. तेवढ्या रकमेत याच ग्रेंजच्या नव्या हंगामाच्या सुमारे दीडशे बाटल्या विकत घेता आल्या असत्या. गंमत अशी की, ग्रेंजच्या उत्तम हंगामांची यादी जाणकार करतात तेव्हा तीत १९५३, १९५५, १९७१, १९७६, १९८६, १९९०, २००८ ही वर्षे हमखास येतात. १९५१ येत नाही. सर्वाधिक किंमत मिळवणारी बाटली चवीच्या क्रमवारीत मागे का, याचे उत्तर या वाईनच्या इतिहासात आहे, आणि उंची वाईन जमवू पाहणाऱ्या कोणाही व्यक्तीने ते समजून घ्यावे असे आहे. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे ऑस्ट्रेलियन वाईनवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत असल्याने हा प्रश्न आता केवळ सिडनी-मेलबर्नच्या श्रीमंतांपुरता राहिलेला नाही.

डॉक्टरची बाग, निरोप्याची वाईन

दक्षिण ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहराजवळ मॅगिल येथे डॉ. ख्रिस्तोफर रॉसन पेनफोल्ड आणि त्यांची पत्नी मेरी या इंग्रज दांपत्याने १८४४ मध्ये द्राक्षवेली लावल्या. त्यांच्या टुमदार दगडी घराचे नाव ‘ग्रेंज’. डॉक्टर रुग्ण पाहात आणि मळ्याचा, वाईनचा कारभार प्रामुख्याने मेरी सांभाळत. पुढे शंभर वर्षे या कंपनीचा मुख्य धंदा होता तो शेरी आणि पोर्ट यांसारख्या, वरून मद्यार्क मिसळलेल्या गोड वाईनचा. त्या काळी ऑस्ट्रेलियात खपही त्यांचाच होता.

मॅक्स शुबर्ट हा तरुण १९३१ मध्ये या कंपनीत निरोप्या म्हणून लागला आणि १९४८ मध्ये मुख्य वाईन-निर्माता झाला. शेरी तयार करण्याच्या पद्धती पाहून येण्यासाठी कंपनीने त्यांना १९५० मध्ये युरोपला पाठवले. या दौऱ्यात ते फ्रान्समधील बोर्दो येथे गेले. तेथील व्यापारी ख्रिस्तियाँ क्रूझ यांनी त्यांना चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या वाईन चाखवल्या. इतक्या वर्षांनंतरही त्या वाईनमध्ये जीव होता. किमान वीस वर्षे टिकेल आणि टिकता टिकता सुधारत जाईल अशी वाईन ऑस्ट्रेलियात का होऊ नये, हा विचार घेऊनच शुबर्ट परतले.

बोर्दोची नक्कल करणे शक्य नव्हते. तेथील कॅबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षे दक्षिण ऑस्ट्रेलियात तेव्हा फार थोडी होती. मुबलक होती ती शिराझ. फ्रेंच ओक लाकडाची पिंपे मिळत नव्हती, म्हणून अमेरिकी ओकची सुमारे तीनशे लिटरची नवी पिंपे घेतली गेली. मॅगिल आणि अ‍ॅडलेडच्या दक्षिणेकडील मॉर्फेट व्हेल येथील शिराझपासून १९५१ च्या हंगामात अशी पाच पिंपे भरली. तो निव्वळ प्रयोग होता. त्या बाटल्या विक्रीसाठी आल्याच नाहीत. शुबर्ट यांनी बहुतेक मित्रांना आणि सहकाऱ्यांना वाटून टाकल्या. विक्रीयोग्य पहिला हंगाम १९५२ चा.

नाव ठेवले ‘ग्रेंज हर्मिटेज’. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातील हर्मिटेज हे शिराझसाठी प्रसिद्ध ठिकाण, आणि ऑस्ट्रेलियात त्या द्राक्षालाही हेच नाव रूढ होते. युरोपीय स्थळनामे वापरण्यास युरोपचा आक्षेप असल्याने १९९० च्या हंगामापासून नावात फक्त ‘ग्रेंज’ उरले.

बंदीतल्या तीन वर्षांची लपवाछपवी

वाईन मुरत पडली होती, पैसा अडकला होता आणि सिडनीतील मुख्य कार्यालयाला हिशेब हवा होता. १९५१ ते १९५६ पर्यंतच्या वाईन चाखण्यासाठी तेथे व्यवस्थापनातील आणि वाईन वर्तुळातील मंडळी जमली. निकाल दारुण होता. एकाला ती बिनगोडीची पोर्ट वाटली, जी शहाणा माणूस विकत घेणार नाही. दुसऱ्याला तीत रानबोरे आणि चिरडलेल्या मुंग्या जाणवल्या. १९५७ च्या हंगामापूर्वी उत्पादन थांबवण्याचा लेखी आदेश निघाला.

शुबर्ट यांनी तो पाळला नाही. सिडनी दूर होती आणि अ‍ॅडलेडमधील वरिष्ठ अधिकारी जेफ्री पेनफोल्ड हायलँड यांचा त्यांना पाठिंबा होता. १९५७, १९५८ आणि १९५९ या तीन वर्षांत मॅगिलच्या तळघरात चोरून ग्रेंज तयार झाली. नव्या पिंपांसाठी पैसे मागण्याची सोय नव्हती, त्यामुळे वापरलेली पिंपेच पुन्हा भरली गेली. या तीन हंगामांना ‘लपवलेली ग्रेंज’ म्हणतात. दरम्यान आधीच्या बाटल्या मुरत गेल्या, त्यांचा तुरटपणा मऊ झाला, आणि संचालकांनी त्या पुन्हा चाखल्या तेव्हा मत पालटले. १९६० च्या हंगामापासून उत्पादन अधिकृतपणे सुरू झाले. सिडनीच्या वाईन स्पर्धेत १९६२ मध्ये १९५५ च्या ग्रेंजला सुवर्णपदक मिळाले. ज्या वाईनची सहा-सात वर्षांपूर्वी टिंगल झाली होती, तिने पुढे पन्नासहून अधिक सुवर्णपदके मिळवली. अमेरिकेतील ‘वाईन स्पेक्टेटर’ या नियतकालिकाने १९९९ मध्ये विसाव्या शतकातील बारा उत्कृष्ट वाईन निवडल्या, त्यांत १९५५ ची ग्रेंज होती. त्याआधी १९९५ मध्ये त्याच नियतकालिकाने १९९० च्या ग्रेंजला वर्षातील सर्वोत्तम वाईन ठरवले होते. शुबर्ट १९९४ मध्ये निवर्तले. त्यांच्यानंतर डॉन डिटर, जॉन ड्युव्हल आणि २००२ पासून पीटर गागो यांनी ही धुरा सांभाळली.

बंदी घालणाऱ्यांना मूर्ख ठरवणे आज सोपे आहे. पण चार-पाच वर्षांची ग्रेंज खरोखरच कठोर असते. काळीभोर, दाट, जिभेला आवळून धरणारी. त्यांनी चाखलेल्या वाईनविषयी ते खोटे बोलले नव्हते. ती लवकर चाखली गेली होती, एवढेच.

एकाच वाईनची वीस वर्षे

वाईनच्या बाटलीवरचे वर्ष म्हणजे द्राक्षे तोडली ते वर्ष. दक्षिण गोलार्धात ही तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते. एकाच वाईनची निरनिराळी वर्षे ओळीने मांडून चाखणे हा ग्रेंजच्या चाहत्यांचा आवडता प्रकार. यात द्राक्ष तेच, पद्धत तीच; बदलतो तो त्या वर्षीचा पाऊस-ऊन आणि बाटलीत गेलेला काळ.

ग्रेंजच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ती कोणत्याही एका मळ्याची वाईन नाही. बॅरोसा खोरे हा तिचा कणा असला, तरी मॅकलारेन व्हेल, क्लेअर आणि इतर भागांतील उत्तम शिराझ दरवर्षी निवडून एकत्र केली जाते. बहुतेक वर्षी त्यात थोडी कॅबर्ने सोव्हिन्योंही असते. मातीच्या एका तुकड्याची चव हीच वाईनची थोरवी मानणाऱ्या फ्रेंच परंपरेला हे मानवणारे नाही. ऑस्ट्रेलियातच ‘हेन्श्की हिल ऑफ ग्रेस’ ही दुसरी नामांकित शिराझ एकाच जुन्या मळ्यातून येते आणि कित्येकांना तीच अधिक प्रामाणिक वाटते. ग्रेंजचा दावा निराळा आहे : जागा बदलल्या तरी चालतील, घडण तीच राहिली पाहिजे. रस पूर्ण आंबण्याआधीच तो नव्या अमेरिकी ओकच्या पिंपांत घालणे आणि उरलेले किण्वन तेथे होऊ देणे, मग दीड वर्षाच्या आसपास त्याच पिंपांत मुरवणे, हा या घडणीचा गाभा. हंगामानंतर साधारण चार-पाच वर्षांनी बाटली बाजारात येते.

तरुण ग्रेंजचा वास घेतला तर पिकलेली जांभळे, करवंदे, काळी मिरी आणि लाकडातून आलेला व्हॅनिला व खोबऱ्यासारखा गोडसर गंध भेटतो. क्वचित वार्निशची आठवण करून देणारी एक तीक्ष्ण छटाही असते. अन्य वाईनमध्ये तिला दोष म्हटले गेले असते. ग्रेंजमध्ये, मर्यादेत असेपर्यंत, ती शैलीचा भाग मानली जाते. पंधरा-वीस वर्षांनी फळांचा ताजेपणा ओसरतो आणि खजूर, सुके अंजीर, कॉफी, चामडे, तंबाखूची पाने असे गंध वर येतात. रंग जांभळ्याकडून विटकरीकडे झुकतो. तुरटपणा जातो असे नव्हे, पण तो जिभेला ओरबाडत नाही. चांगल्या हंगामाची बाटली तीस-चाळीस वर्षांनंतरही टिकून असते. १९७४ आणि २०११ ही पावसाने हैराण केलेली वर्षे. त्या हंगामांच्या बाटल्या फार काळ राखून ठेवण्यात अर्थ नसतो.

जुनी बाटली उघडण्याचेही तंत्र आहे. तळाशी गाळ बसलेला असतो, म्हणून बाटली एक-दोन दिवस आधी उभी करून ठेवतात. बूच ठिसूळ झालेले असते. मळसुत्री उघडणीने त्याचा भुगा होण्याची भीती असल्यामुळे दोन पातळ पात्यांची उघडणी बुचाच्या कडेने सरकवून ते अलगद काढतात. मग मेणबत्ती किंवा विजेरीच्या उजेडात वाईन हळूहळू काचेच्या सुरईत ओततात आणि गाळ गळ्याशी येताच थांबतात. नव्या ग्रेंजला सुरईत काही तास मोकळी हवा मिळाली तर ती खुलते. साठच्या दशकातील बाटलीला तेवढा वेळ देणे धोक्याचे. तिचा सुगंध पाऊण तासात विरूनही जातो. बरेच हंगाम एकत्र चाखताना घोट थुंकून टाकण्याची रीत आहे आणि ती असभ्य मानली जात नाही. न थुंकणाऱ्याचे दहाव्या पेल्यानंतरचे मत कोणी नोंदवून घेत नाही.

संचाची ओढ आणि किमतीचे गणित

आता पहिल्या प्रश्नाकडे. ग्रेंज १९५१ पासून एकही वर्ष न चुकता तयार झाली आहे. त्यामुळे सर्व हंगामांचा अखंड संच जमवणे हे संग्राहकांचे ध्येय बनले. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील बाटल्या पैसे असतील तर सहज मिळतात. पन्नासच्या दशकात संच अडतो आणि १९५१ पाशी तो अनेकांचा कायमचा अडतो. ज्याच्याकडे इतर सर्व वर्षे आहेत, त्याच्या लेखी या एका बाटलीची किंमत तिच्यातील वाईनवर ठरत नाही. संचातील रिकाम्या जागेवर ठरते. जुन्या नाण्यांच्या किंवा टपाल तिकिटांच्या बाजारात हेच घडते. १९५७ आणि १९५८ या लपवलेल्या हंगामांनाही याच कारणाने भाव येतो.

कंपनीलाही हे उत्तम कळते. २०११ पासून पेनफोल्ड्सची मालकी ट्रेझरी वाईन इस्टेट्सकडे आहे. २०१७ मध्ये २००८, २०१२ आणि २०१४ या तीन हंगामांच्या ग्रेंजचे मिश्रण करून ‘जी-थ्री’ या नावाने बाराशे बाटल्या काढल्या गेल्या. प्रत्येकीची किंमत तीन हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. वर्षाला इतके महत्त्व देणाऱ्या वाईनने स्वतःच तीन वर्षे एकत्र करावीत, याचे कौतुक करावे की त्याला निव्वळ विक्रीकौशल्य म्हणावे, यावर चाहत्यांत एकमत नाही. प्रस्तुत वार्ताहराचा कल दुसऱ्या बाजूला आहे.

संग्राहकाचा खरा शत्रू मात्र वेगळाच. बाटलीच्या आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही आणि पाहण्यासाठी उघडली की बाटली संपली. म्हणून खरेदीदार वाईनची पातळी पाहतो. पातळी गळ्यात असेल तर उत्तम. खांद्याच्या खाली उतरली असेल तर बुचातून हवा शिरली असे समजतात. ती बाटली कोणत्या तळघरात, किती तापमानात होती, कितीदा हात बदलले, हे विचारले जाते.

या अडचणीवर पेनफोल्ड्सने १९९१ पासून एक उपाय चालवला आहे. पंधरा वर्षांहून जुन्या बाटल्या घेऊन मालकांनी यावे, अशी शिबिरे ती भरवते. पातळी उतरलेली बाटली मालकासमोर उघडतात, किंचित वाईन काढून चाखतात आणि हवेशी संपर्क टाळण्यासाठी निष्क्रिय वायू सोडतात. वाईन सुस्थितीत असेल तर त्याच वाईनच्या अलीकडच्या हंगामाने ती थोडी भरून नवे बूच बसवतात आणि मागे स्वाक्षरीचे प्रमाणपत्र चिकटवतात. वाईन बिघडली असेल तर बूच साधे मिळते आणि प्रमाणपत्र मिळत नाही. वडिलांनी मुलाच्या जन्मवर्षी घेतलेली आणि पंचवीस वर्षे स्वयंपाकघरातील कपाटात ठेवलेली बाटली घेऊन आलेल्या माणसाला हा निकाल तिथल्या तिथे ऐकावा लागतो.

एका बाटलीने गेलेले पद

या वाईनचे ऑस्ट्रेलियातील स्थान समजायला २०१४ मधील घटना पुरेशी आहे. न्यू साऊथ वेल्स राज्याचे प्रमुख बॅरी ओ’फॅरेल यांना निवडणूक जिंकल्यानंतर २०११ मध्ये पाणीपुरवठा क्षेत्रातील एका कंपनीच्या प्रमुखाने १९५९ ची ग्रेंज भेट पाठवली होती. ओ’फॅरेल यांचा जन्म १९५९ चा. बाटलीची किंमत सुमारे तीन हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. अशी भेट मिळाल्याचे आठवत नाही, असे त्यांनी भ्रष्टाचारविरोधी आयोगापुढे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हस्ताक्षरातील आभाराची चिठ्ठी समोर आली आणि १६ एप्रिल २०१४ रोजी त्यांनी पदत्याग जाहीर केला. दिशाभूल करण्याचा त्यांचा हेतू नव्हता, हे आयोगाने मान्य केले. पण १९५९ ची ग्रेंज आपल्याला मिळाली हे कोणी विसरू शकतो, यावर विश्वास ठेवणे ऑस्ट्रेलियन जनतेला जड गेले असावे.

हेच ओ’फॅरेल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचे उच्चायुक्त म्हणून नवी दिल्लीत आले. त्यांच्याच कार्यकाळात, २ एप्रिल २०२२ रोजी, भारत-ऑस्ट्रेलिया आर्थिक सहकार्य व व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि त्यात ऑस्ट्रेलियन वाईनवरील शुल्ककपातीचा समावेश होता.

भारतीय खरेदीदारापुढील अडचणी

तो करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यापूर्वी आयात वाईनवर १५० टक्के शुल्क होते. बाटलीची आयात किंमत किमान पाच अमेरिकी डॉलर असेल तर ते लगेच १०० टक्के झाले आणि दहा वर्षांत ५० टक्क्यांवर येईल. पंधरा डॉलर वा त्याहून महाग बाटलीवर ७५ टक्क्यांपासून सुरुवात होऊन दहा वर्षांत २५ टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. ग्रेंज अर्थातच या दुसऱ्या गटात मोडते. राज्यांचे उत्पादन शुल्क, परवाना शुल्क आणि विक्रेत्यांचा नफा यांना हा करार स्पर्श करत नाही. मद्य हा राज्यांचा विषय असल्याने एकच बाटली मुंबई, पणजी आणि बंगळूरु येथे निरनिराळ्या किमतीला मिळते, तर गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी असल्याने प्रश्नच उद्भवत नाही. मेलबर्न-सिडनीतील नातेवाइकांकरवी बाटली मागवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्याची सवलत असली तरी करमुक्त सामानाच्या एकूण मूल्यालाही मर्यादा आहे. नव्या ग्रेंजची किंमत हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात असल्याने एकच बाटली त्या मर्यादेचा मोठा भाग व्यापते.

गुंतवणूक म्हणून ग्रेंज घेण्याचा विचार असेल तर तो भारतात जवळजवळ निरर्थक आहे. ऑस्ट्रेलियात खासगी संग्राहक आपल्या बाटल्या लिलावगृहामार्फत विकू शकतो. भारतात परवान्याविना मद्य विकणे गुन्हा आहे. बाटल्या किती बाळगता येतील यावरही राज्याराज्यांत मर्यादा आहेत. थोडक्यात, येथे आलेली बाटली पिण्यासाठीच आलेली असते.

त्यातही साठवणूक कठीण. जुन्या वाईनला बारा ते पंधरा अंश तापमान, अंधार, दमट हवा आणि आडवी ठेवलेली बाटली लागते. आपल्याकडे भेट मिळालेली उंची बाटली दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, दिव्याखाली, उभी ठेवण्याचा प्रघात आहे. नागपूरचे दोन मे महिने अशा बाटलीची वीस वर्षे खाऊन टाकतात. विजेवर चालणारे वाईनचे शीतकपाट हा उपाय आहे, पण वीज वारंवार जाणाऱ्या गावात तोही भरवशाचा नाही.

शैलीची ओळख करून घ्यायची असेल तर ग्रेंजच हवी असे नाही. पेनफोल्ड्सचीच ‘बिन ३८९’ ही कॅबर्ने आणि शिराझची वाईन १९६० पासून तयार होते आणि तिचा काही भाग आदल्या ग्रेंजची पिंपे रिकामी झाल्यावर त्यांतच मुरवतात. ऑस्ट्रेलियात तिला गरिबाची ग्रेंज म्हणण्याची रीत आहे, अर्थात तेथील गरिबीच्या कल्पनेनुसार. शिराझ नाशिकच्या मळ्यांतही मोठ्या प्रमाणावर आहे. तेथील वाईन मात्र बहुतांशी दोन-चार वर्षांत पिऊन संपवण्यासाठी तयार केली जाते आणि तशीच ती रुचते. ग्रेंजची घाई मात्र करू नये. आज दुकानात असलेला हंगाम ऐन बहरात यायला आणखी किमान दहा-पंधरा वर्षे आहेत, आणि शुल्क २५ टक्क्यांवर येण्यास त्याहून कमी.